टाकी काढायच्या कामाआधी

चि. माऊली,
अनेक आशीर्वाद.

गेवराई रोडवरचा बंद पडलेला पेट्रोल पंप, त्याच्या जमिनीतल्या टाक्या काढायचं काम तुला मिळतंय आणि जालन्याचा भंगारवाला जागेवर पैसे मोजायला तयार आहे, असं तू फोनवर सांगितलंस. "आई, याला लायसन कुठलं लागतं तेवढं सांग," म्हणालास. हे फोनवर उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं. पंपाच्या ऑफिसात असताना एक्स्प्लोझिव्ह खात्याच्या परवान्यांची फाइल कायम माझ्याच कपाटात असायची, म्हणून मला माहीत आहे ते सविस्तर लिहिते.

आपल्याकडे टाकी बसवणाऱ्या किंवा काढणाऱ्या माणसाच्या नावाचं असं एकच लायसन नाही. पेट्रोलियम कायदा 1934 चा आणि त्याखालचे नियम 2002 चे. त्यातलं लायसन मिळतं ते साठवणुकीला, म्हणजे त्या जागेला आणि ती चालवणाऱ्याला. पंपासाठी ते फॉर्म 14 मध्ये असतं, नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोकडून, म्हणजे केंद्र सरकारच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेकडून येतं, आणि त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची एनओसी लागते. लायसनसोबत मंजूर नकाशा असतो. टाकी कुठे, केवढी, वाफ बाहेर सोडणारा व्हेंट पाइप कुठे, सगळं त्यात काढलेलं असतं. त्यात फेरफार करायचा, नवी टाकी घालायची, जुनी उचलायची, तर आधी पेसोची परवानगी आणि मग जेसीबी.

म्हणून तुझ्या बाबतीत पहिला प्रश्न हा, की काम देतोय कोण? बहुतेक पंपांवर जमीन कुणाची का असेना, टाक्या ऑइल कंपनीच्या असतात. जमीनमालकाने तुला तोंडी सांगितलं असेल, तर ज्या वस्तूवर त्याचा हक्क आहे की नाही हेच ठरलेलं नाही ती तू उपसणार आहेस. कंपनीचं पत्र, लायसनची प्रत, नकाशा, हे तिन्ही हातात आल्याशिवाय भंगाराचा भाव विचारूसुद्धा नकोस.

तू मागे मोबाइलवर मला अमेरिकेतलं असंच काम दाखवलं होतंस. तिकडे 1988 साली त्यांच्या पर्यावरण खात्याने जमिनीखालच्या टाक्यांचे नियम केले, आणि बऱ्याच राज्यांत काम करणाऱ्या माणसाला स्वतःची परीक्षा द्यावी लागते. इंटरनॅशनल कोड कौन्सिल ती परीक्षा घेतं. बसवायची परीक्षा वेगळी आणि बंद करून काढायची वेगळी. मला हे फार पटतं. ही दोन कामं एकाच माणसाला येतातच असं नाही. तुला बसवण्याचं काम थोडंफार येतं. काढण्याचं तू अजून शिकलेला नाहीस. इथे तुला कुणी परीक्षा विचारणार नाही, कुणी गेटवर अडवणार नाही, आणि त्याचीच मला धास्ती आहे.

आता गॅसचं. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट, हे तू ऐकलं असशील. का, ते नीट समजून घे. पेट्रोलची वाफ हवेत साधारण 1.4 ते 7.6 टक्के असली की ठिणगीची वाट बघत असते. भरलेल्या टाकीत हवेला जागाच कमी. रिकामीत तळाशी चिकटलेला गाळ, गंजाच्या पापुद्र्यात मुरलेलं पेट्रोल आणि वर भरपूर हवा. पंप दोन वर्षं बंद आहे, आता काय राहिलं असेल त्यात, असं तुझा पार्टनर म्हणाला ना? तुपाचं भांडं कितीही घासलं तरी वास राहतोच, तसं हे आहे. फरक एवढाच, की पेट्रोल राहिलेल्या पत्र्याला गॅसकटरची आच लागली की आतून वाफ पुन्हा सुटते. ती हवेपेक्षा कितीतरी जड असते, खड्ड्यात साचून राहते, आणि खड्ड्यात तुझी माणसं उभी असतात.

डिझेलची टाकी आहे म्हणून निश्चिंत होऊ नकोस. आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, कमीत कमी 35 अंश धरलेला आहे. मे महिन्यात बीडला हवाच 40 च्या वर जाते, आणि उन्हात काढून ठेवलेल्या टाकीचा पत्रा तर हात लावू देत नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाने हिवाळ्यात लिहिलेला सल्ला आपल्या उन्हाळ्यात चालत नाही, माऊली.

म्हणून टाकी काढायचा क्रम चुकवायचा नाही. आधी उरलेला माल काढून घ्यायचा, पाइपलाइन मोकळ्या करून टाकीपासून तोडायच्या आणि तोंडं बंद करायची. मग टाकी पाण्याने भरून किंवा नायट्रोजन सोडून आतली वाफ घालवायची. मग गॅस मीटरने मोजायचं. टाकीच्या तळाला, मध्ये आणि वर, तिन्ही ठिकाणी. आत माणूस उतरवायचा असेल तर ऑक्सिजन 19.5 ते 23.5 टक्क्यांच्या मध्ये पाहिजे. कटर किंवा वेल्डिंग लावायचं असेल तर ज्वलनशील वाफेचा आकडा शून्य. थोडा आहे, चालेल, असं नाही. आणि जेवायची सुट्टी झाली की पुन्हा मोजायचं, कारण तेवढ्या वेळात गाळ आपलं काम करत असतो. आत उतरलेल्याच्या कमरेला दोर आणि वर एक माणूस, ज्याला दुसरं कुठलंच काम दिलेलं नाही. आतला पडला तर वरच्याने तसंच आत उडी मारायची नाही. अशा टाक्यांत दुसरा माणूस बहुतेक पहिल्याला वाचवायला जाऊनच जातो.

हे सगळं झालं तरी 'टाकी गॅस फ्री आहे', म्हणजे आत पेटणारी वाफ उरलेली नाही, हे तू ठरवायचं नाहीस. त्याचं सर्टिफिकेट कॉम्पिटंट पर्सन देतो, आणि तो पेसोच्या मुख्य विस्फोटक नियंत्रकांनी मान्यता दिलेला असावा लागतो. नवी टाकी बसवल्यावर पाण्याच्या दाबाची चाचणी होते, तिच्या कागदावरही त्याचीच सही. आमच्या पंपावर एकदा मॅनहोलच्या कॉलरला वेल्डिंग करायला माणूस आला. टाकी धुतलेली होती, सर्टिफिकेट मात्र दुसऱ्या दिवशी येणार होतं. मॅनेजरांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. दिवसाचा धंदा गेला, मालक चिडले, पण मॅनेजर हलले नाहीत. ते मला फार आवडलं होतं.

सगळ्यात जास्त काळजी मला भंगाराची आहे. जालन्यात लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या, तिथे टाकी गेली की तिची कांब होऊन निघते, हे खरं. पण भट्टीपर्यंत जायच्या आधी ती यार्डात कापली जाते, आणि तिथला कापणारा पोरगा रोजंदारीवरचा असतो. या टाकीत काय होतं ते त्याला कुणी सांगत नाही. तू टाकी पूर्ण न धुता गाडीवर चढवलीस, तर तुझं काम गेवराईला संपेल आणि त्याचं जालन्यात. टाकी आपल्या देखरेखीत, गॅस फ्री असतानाच, कापून तुकडे करून दे. तळाचा गाळ घातक कचऱ्यात मोडतो, त्याला 2016 चे नियम आहेत. तो प्रदूषण नियंत्रण मंडळाने अधिकार दिलेल्या जागीच जायला हवा. शेजारच्या ओढ्यात नाही आणि आपल्या बांधावरही नाही. पलीकडेच लोकांच्या विहिरी आहेत.

बसवायच्या कामात तुझा जम बसेल, कारण आपली माती तुला कळते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडून आकसते, आणि त्या ओढाताणीत पाइपचे जोड सुटतात. म्हणून टाकीभोवती तीच माती परत लोटायची नसते, स्वच्छ वाळू भरायची. खणताना दीड मीटरच्या खाली गेलात की बाजूंना आधार द्या, ती माती सांगून पडत नाही. आणि पावसाळ्याच्या तोंडावर रिकामी टाकी तशीच खड्ड्यात ठेवायची नाही. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, खड्ड्यात साचतं. 20 हजार लिटरच्या टाकीला ते 20 टनांच्या जोराने वर ढकलतं, टाकीचं स्वतःचं वजन त्याच्यापुढे पासंगालाही पुरत नाही. खाली काँक्रीटचा स्लॅब आणि त्याला पट्ट्यांनी बांधणं याचसाठी.

बाकी कागदांचं थोडक्यात. तुझं आयटीआयचं फिटरचं सर्टिफिकेट चांगलंच आहे, पण टाकीच्या वेल्डिंगला वेल्डरची वेगळी टेस्ट मागतात, आणि सहा महिने त्या पद्धतीचं काम केलं नाही तर ती पुन्हा द्यावी लागते. वायरिंगला परवानाधारक इलेक्ट्रिकल ठेकेदारच घ्यायचा. माणसांचा विमा, पीएफ, ईएसआय याची चौकशी आपल्या बीडच्या सीएंकडे कर, त्यात मी पडत नाही.

माझं म्हणणं असं, की हे काम स्वतःच्या नावावर आत्ता घेऊ नकोस. कंपनीच्या यादीतला, टाक्या काढायचं काम करणारा ठेकेदार गाठ, त्याच्या हाताखाली हॉट वर्क परमिट, म्हणजे कटर-वेल्डिंगच्या कामाची परवानगी, कसं भरतात, कोण कुठे सही करतो, हे शीक. पैसे कमी मिळतील. जमवलेल्या पैशातून पहिला खर्च गॅस मीटरचा कर, चांगल्या कंपनीचा, आणि त्याचं कॅलिब्रेशन वेळच्या वेळी करून घे. खोदायचं मशीन भाड्याने मिळतं, ते नंतर बघू.

जेसीबीवाल्याला आजच फोन करून थांबव. जमीनमालकाकडे लायसनची आणि नकाशाची झेरॉक्स माग, आणि मला व्हॉट्सॲपवर पाठव. पानं सगळी पाठव, मागची बाजूसुद्धा, शर्ती तिथेच असतात. मी वाचून कुणाला पत्र लिहायचं ते सांगते. त्याने कागद द्यायला टाळाटाळ केली, तर तसंही कळव.

बाबांनी कपाशीला दुसरी फवारणी केली. तब्येतीला जप.

तुझी,
आई