नऊ वर्षांच्या मुलीचे पन्नास युरो: फ्रान्सच्या क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मारिना फेरारी,
क्रीडा व युवक मंत्री, फ्रान्स

नांत, नोव्हेंबर २०२५

सादर नमस्कार.

थेट मुद्द्यावर येतो. क्रीडा क्लबची फी भरायला सरकार ‘पास-स्पोर’ नावाची मदत देतं. ६ ते १३ वर्षांच्या मुलांना मिळणारी ही मदत या हंगामापासून बंद झाली आहे. ती पुन्हा सुरू करावी, एवढंच मागणं आहे. हा निर्णय आपण पदावर येण्याआधी झाला, त्यामुळे तो बदलताना आपल्याला स्वतःचा शब्द फिरवावा लागणार नाही. पत्राची फ्रेंच प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. इथे ते मराठीत देतोय, कारण नांत, तुलूझ, पॅरिस या भागांतल्या मराठी घरांतली मुलंही आता इथल्या क्लबांत खेळतात, आणि त्यांच्या आईवडिलांना हे प्रकरण समजायला हवं.

मी बोलणार आहे हँडबॉलबद्दल. गेला हंगाम, २०२४-२५ चा, डोळ्यांसमोर आणा. त्याची सुरुवात खरं तर लीलमध्ये झाली, ऑगस्टमध्ये. ऑलिंपिकची उपान्त्यपूर्व फेरी, समोर जर्मनी, फ्रान्सकडे एका गोलची आघाडी, काही सेकंद उरलेले आणि चेंडूही आपल्याच हातात. टाइमआउटनंतर आपल्या डिका मेमचा पास जर्मनांनी पकडला, त्यांच्या उशिन्सने बरोबरी साधली, आणि जादा वेळेत ३५-३४ असा सामना गेला. फ्रान्सचा दिग्गज खेळाडू निकोला काराबातिचची कारकीर्द त्या दिवशी संपली. तीनच दिवसांनी महिला संघाने रौप्यपदक घेतलं. जानेवारीत पुरुष संघाने विश्वचषकात कांस्यपदक मिळवून थोडी भरपाई केली.

मग स्टारलीग, म्हणजे फ्रान्समधली पुरुषांची अव्वल हँडबॉल लीग. सोळा संघ, प्रत्येकाचे तीस सामने. जेतेपद पॅरिस सां-जर्मांला, सलग अकरावं. २०१४ मध्ये डंकर्क जिंकलं होतं, त्यानंतर चषकावर दुसरं नाव कोरलं गेलेलं नाही. २०२१-२२ मध्ये तर पॅरिसने तीसपैकी तीस सामने जिंकले. पॅरिसचा संघ कतारच्या मालकीचा आहे आणि तो त्या पैशाच्या जोरावर जिंकतो, असं जे बोललं जातं ते मला पटतं. पण ही लीग म्हणजे फक्त पॅरिस नव्हे. रेनला खेटून असलेलं सेसाँ, डोंगरातलं शाँबेरी, समुद्रकाठचं सें-राफाएल अशा लहान गावांचे संघ त्याच सोळांत आहेत आणि राजधानीशी दोन हात करतात. मे महिन्यात माँपेलिये युरोपियन लीगच्या अंतिम सामन्यात होतं. जूनमध्ये जर्मनीतल्या कोलोनला चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या चार संघांत आमचं नांत होतं. उपान्त्य सामन्यात बर्लिनने आम्हाला धुतलं, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी बार्सिलोनाला हरवून तिसरा क्रमांक घेतला. २०१८ चं कोलोनही इथे कुणी विसरलेलं नाही. तेव्हा चारपैकी तीन संघ फ्रेंच होते, नांतने उपान्त्य फेरीत पॅरिसला घरी पाठवलं आणि अंतिम सामना माँपेलियेने नांतविरुद्ध ३२-२७ असा जिंकला. कतारचा पैसा तिसऱ्या फ्रेंच संघाकडे होता, अंतिम सामना खेळणाऱ्या दोघांकडे नव्हता.

हे संघ उभे राहतात कशाच्या जोरावर? खेळाडू कुठून आले ते पाहा. डिका मेम त्रांब्लेच्या क्लबात घडला आणि बार्सिलोनाला गेला. नेदिम रेमिली क्रेतेयचा. दोन्ही पॅरिसभोवतालची उपनगरं, जिथे महिन्याचा हिशेब जपून करणारी कुटुंबं राहतात. या खेळाडूंची नावं पुढे जगभर झाली, पण चेंडू पहिल्यांदा हातात आला तो शेजारच्या क्लबातच.

असा क्लब आतून कसा असतो, हे आपल्याला कुणी दाखवलं असेल की नाही, ठाऊक नाही. मी एका लहानशा क्लबात शनिवारी सकाळी अकरा वर्षांखालच्या मुलांच्या सरावाला मदत करतो. हॉल नगरपालिकेचा. दारावरच पाटी: डिंक वापरण्यास मनाई. हँडबॉलवाले बोटांना राळेचा चिकट डिंक लावतात, तो फरशीला लागतो आणि नंतर बॅडमिंटनवाल्यांचे बूट अडकतात, म्हणून ही बंदी. सफाई कामगार सोमवारी फरशी खरवडत बसतो ते मी पाहिलंय, त्यामुळे पाटीबद्दल माझी तक्रार नाही. गोलच्या आडव्या दांड्याला कापडी पट्टा बांधून आम्ही त्याची उंची कमी करतो, नाहीतर लहानग्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून प्रत्येक चेंडू आत जाईल. मुलं-मुली एकत्र खेळतात. पहिले काही आठवडे सगळे चेंडूच्या मागे झुंडीने धावतात. मग कधीतरी एखादी मुलगी धावताधावता थांबते, मान वर करते, पलीकडच्या कोपऱ्यात मोकळा उभा असलेला मित्र तिला दिसतो आणि ती चेंडू तिकडे फेकते. हँडबॉल तिथे सुरू होतो. प्रशिक्षकाला या कामाचे पैसे मिळत नाहीत, तो आठवडाभर गोदामात नोकरी करतो.

आता सप्टेंबरची गोष्ट. दरवर्षीप्रमाणे नोंदणीचं टेबल मांडून बसलो होतो. आमच्याकडे वर्षाची फी दीडशे युरोंच्या आसपास आहे. गेल्या वर्षापर्यंत शाळेच्या खर्चासाठीचा सरकारी भत्ता मिळणाऱ्या, कमी उत्पन्नाच्या घरातलं मूल आलं की पालक फोनवरचा पास-स्पोरचा कोड दाखवायचे, आम्ही तिथल्या तिथे पन्नास युरो वजा करायचो आणि ते पैसे नंतर क्लबला परत मिळायचे. फीचा एक तृतीयांश भाग असा सुटायचा. यंदा एक आई दोन मुलांना घेऊन आली, मुलगा चौदाचा, मुलगी नऊची. मुलाच्या नावावर सत्तर युरो होते, कारण मदतीची रक्कम वाढली आहे. मुलीच्या नावावर काहीच नाही. त्या बाईंनी दोन्ही फॉर्म भरले, बेरीज पाहिली, आणि मुलीचा फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवला. म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू. मुलगी वाद न घालता भावाचे बूट कोणत्या मापाचे घ्यायचे ते बघत राहिली. फी हप्त्याने भरा, असं आम्ही दोनदा सांगितलं, पण ऐपतीचा विषय लोकांसमोर निघालेला कुणाला आवडतो? त्या परत आल्या नाहीत.

सरकारचा युक्तिवाद मला ठाऊक आहे. लहान मुलं तशीही खेळतात, गळती होते ती चौदाव्या वर्षानंतर, म्हणून मदत तिकडे वळवली. चौदानंतरची गळती खरीच आहे, विशेषतः मुलींची, आणि त्यांना मिळणारे सत्तर युरो कमी करा असं मी मुळीच म्हणत नाही. पण जे मूल आत आलंच नाही, ते चौदाव्या वर्षी गळणार तरी कुठून? ‘तशीही खेळतात’ हे सरासरीचं बोलणं झालं, आणि त्या सरासरीत टेनिसचा खाजगी वर्ग लावणारी घरंही येतात. शिवाय हँडबॉलचं स्वतःचं एक वय असतं. खांद्यावरून फेकणं, हवेत उडी घेऊन तिथून पास देणं, अंगावर येणाऱ्याला न घाबरणं हे आठ ते बाराच्या दरम्यान अंगात मुरतं. चौदा-पंधराला तर प्रादेशिक केंद्रांसाठी निवड सुरू होते. ज्या वयात मुलं निवडायची, त्या वयात त्यांना पहिल्यांदा हॉलच्या आत आणायचं, हा हिशेब मला लागत नाही.

आमच्या महाराष्ट्राचं एक उदाहरण इथे खरोखर लागू पडतं. जून २०२३ मध्ये जयपूरला भारताच्या प्रीमियर हँडबॉल लीगचा पहिला हंगाम झाला, सहा संघांचा, आणि तो महाराष्ट्र आयर्नमेन संघाने जिंकला. आम्हाला अभिमान वाटला. पण सगळे सामने एकाच हॉलमध्ये, महिन्याच्या आतच आटोपले. कोल्हापूर किंवा नागपूरच्या एखाद्या नऊ वर्षांच्या मुलीला त्या विजयानंतर घराजवळचा क्लब सापडला असेल, असं मला वाटत नाही. लीग पैशाने उभी करता येते. गल्लीतला क्लब तसा उभा राहत नाही, त्याला पिढ्या लागतात. फ्रान्सकडे असे दोन हजारांहून जास्त क्लब आहेत आणि पाच लाखांहून जास्त नोंदणीकृत खेळाडू. हे असं काही तयार असणं किती दुर्मीळ आहे, ते आम्ही, ज्यांच्याकडे ते नाही, फार लवकर ओळखतो.

त्यात इथली बाकीची परिस्थितीही सोपी नाही. आमच्या पे द ला लुआर प्रादेशिक परिषदेने डिसेंबर २०२४ मध्ये संस्कृती, क्रीडा आणि स्वयंसेवी संस्थांच्या अनुदानांवर मोठी कात्री चालवली. नगरपालिका हॉलच्या हीटिंगचं बिल बघून वेळा कमी करतात. या सगळ्यावर आपला थेट ताबा नाही, हे मला समजतं. पास-स्पोर मात्र आपल्याच मंत्रालयाचा आहे.

२०२६ चा अर्थसंकल्प सध्या संसदेत आहे. त्यात ६ ते १३ वयोगटाची जुनी पन्नास युरोंची मदत, त्याच निकषांवर, परत आणा. संपूर्ण रक्कम एका वर्षात जमत नसेल तर निदान ९ ते १३ पासून सुरुवात करा, आणि पहिल्यांदाच क्लबात नाव घालणाऱ्या मुलांना प्राधान्य द्या. आणि जो निर्णय होईल तो जूनच्या आधी जाहीर करा. गेल्या वेळी तो उन्हाळ्याच्या सुट्टीत आला, तेव्हा क्लबांचे दरपत्रक छापून झालं होतं आणि पालकांना नवा नियम आमच्या टेबलावरच कळला. आमचे नोंदणीचे अर्ज जूनमध्ये तयार होतात. त्यांवर मदतीची ओळ छापायची की नाही, हे तोवर कळलं तर त्या बाईंना मला स्वतः फोन करता येईल.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
नांतमधील एक मराठी पालक आणि हँडबॉल क्लबचा स्वयंसेवक