बाबा, तो टेक मी काढायला लावला

प्रिय आई-बाबा,

फोनवर हे बोलता आलं असतं, पण फोन आई उचलते, बाबा ‘बरं आहे’ म्हणतात आणि फोन परत आईकडे जातो. म्हणून लिहिते आहे. बाबा, पत्र तुम्ही स्वतः वाचा, आईकडून वाचून घेऊ नका.

तुमचा तो क्लोजअप चित्रपटात राहणार नाही. परवा दिग्दर्शकांशी बोलले. त्यांना वाईट वाटलं, कारण सगळ्या शूटिंगमधला तो सर्वांत चांगला टेक आहे असं त्यांचं मत. पण त्यांनी ऐकलं. तुम्ही नुसते खिडकीकडे बघता तो सातवा टेक घेणार आहेत. हेही मी तुम्हाला न विचारताच ठरवलं, रागावू नका.

तुम्ही मुळात कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हता. मीच मागे लागले. हॉलिवूडचे नट हेन्री फोंडा आणि त्यांची मुलगी जेन यांची गोष्ट किती रंगवून सांगितली होती तुम्हाला! 1981 सालच्या ‘ऑन गोल्डन पाँड’ चित्रपटात खरे बापलेक पडद्यावरही बापलेक झाले; वडिलांच्या क्लोजअपच्या वेळी जेनने तालमीत न ठरलेलं केलं, त्यांच्या दंडाला हात लावला आणि ते गहिवरले. ती गोष्ट माझ्या डोक्यात घोळत होती. अकरा टेक झाले होते, उजेड उतरत होता, तुम्ही वाक्य पाढे म्हटल्यासारखं म्हणत होता. कॅमेरा फक्त तुमच्यावर, मी चौकटीबाहेर उभी राहून क्यू देत होते. आणि संहितेतलं वाक्य सोडून मी लाल पेटीचं विचारलं.

तुमचा अंगठा शर्टाच्या बटणावर फिरत राहिला. एक शब्द बोलला नाहीत. कट झाला, टाळ्या पडल्या आणि तुम्ही बाहेर निघून गेलात. कॉलरखालचा माइक चालूच होता. साउंडवाल्या मुलाने कानावरचे हेडफोन काढून मांडीवर ठेवले, तुमचं काही ऐकू येऊ नये म्हणून. त्या परक्या मुलाला जे क्षणात कळलं ते मला कळायला आठवडा लागला.

हेन्री फोंडा जन्मभराचे नट होते. चेहऱ्यावर किती येऊ द्यायचं हे त्यांना ठाऊक होतं. तुमचा आडोसा म्हणजे गप्प राहणं, आणि तोच मी चाळीस माणसांसमोर ओढून काढला. चुकलं माझं, बाबा.

हेतू वाईट नव्हता, एवढं माना. मला खरंच तुमच्याबरोबर काम करायचं होतं. शाळेच्या नाटकात मी अडले तेव्हा तुम्ही मागच्या रांगेत उभे राहून ओठ हलवत होतात. अख्खं नाटक पाठ केलं होतंत. अजूनही वाक्य अडलं की मी दिव्यांपलीकडच्या अंधारात तुमचे ओठ शोधते.

आता उरलेले दोन दिवस. प्रसंगात तुम्हाला एकही वाक्य नाही, फक्त पांघरुणाची घडी घालायची, घरी घालता तशीच. सेटवर यायचा सहाचा कॉल टाइम दहाचा करून घेतला आहे. दिवे लावायला तास जातो. तेवढा वेळ तुमच्या जागी दुसरं कुणी बसेल, तुम्ही शेजारच्या खोलीत आडवे व्हा. व्हॅनची पायरी उंच आहे ना, खाली लाकडी ठोकळा ठेवायला सांगितलं आहे. नटाच्या नजरेसमोर कुणी थांबू नये असा सेटवरचा नियम, पण आईची खुर्ची तुम्हाला दिसेल अशीच मांडणार आहेत. तुम्ही हात वर केलात की कॅमेरा बंद. तरीही यायचं नसेल तर नका येऊ, त्या प्रसंगाशिवाय चित्रपट संपवता येतो, मी विचारून ठेवलं आहे. पण यावंत असं मला फार वाटतं.

आई, आता तू ऐक. त्यांना मिशीला कात्री लावू देऊ नकोस. पडद्यावर हे सगळं एकाच संध्याकाळी घडतं, मधेच मिशी बारीक झालेली लगेच दिसेल. तोच जुना चष्मा, तेच घड्याळ, तोच राखाडी स्वेटर. धुऊ नकोस तो, रंग उतरला तर सगळं अडेल. बीपीची गोळी निघण्याआधी तुझ्यासमोर घ्यायला लाव, ‘तिथे घेतो’ म्हणतात आणि विसरतात. रात्री जागतात म्हणालीस, तर डॉक्टरांना या आठवड्यातच दाखव, शूटिंगची वाट बघू नकोस. आणि तुझ्या गुडघ्याचा पट्टा पिशवीत टाक, मला माहीत आहे तू तो घरीच ठेवणार.

बाबा, पेटीचं मी पुन्हा काढणार नाही. तुम्हाला कधी सांगावंसं वाटलं तर मी आहे. गाडी साडेआठला येईल. गच्चीवरून हाक मारू नका, ड्रायव्हर वर येऊन पिशव्या घेईल.

तुमची,
मनू