बाबा, आईला वाचून दाखवा

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला धीर होईना, म्हणून पत्र. बाबा, आईच्या डोळ्यात औषध घातलेलं असेल तर तुम्हीच वाचून दाखवा. पण मधलं गाळू नका, तिला कळतं.

जूनमध्ये मी कायमची परत येत नाहीये. बँकॉकची नोकरी सोडून महिना झाला. आता थायलंडच्या सीमेवरच्या 'मे सोत' गावात आहे. थांबा, दादाला लगेच फोन लावू नका. हो, तेच गाव. 2025 च्या मार्चमध्ये म्यावाडीच्या बाजूला ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांत अडकलेल्या आपल्या पोरांना हवाई दलाच्या विमानांनी इथूनच नेलं. पण ती भानगड मोई नदीपलीकडची, ब्रह्मदेशातली. मी अलीकडे, थायलंडमध्ये. माझा व्हिसा, वर्क परमिट सगळं रीतसर आहे. कागद नाहीत ते माझ्या मुलांच्या आईबापांकडे.

'माझी मुलं' लिहून गेले बघा. सतरा आहेत. आईबाप नदी ओलांडून आलेले, उसाच्या तोडीला, ऊस संपला की मक्यावर. कागद नसले तरी मुलाला शाळेत घ्यायचं, हे थायलंड सरकारने 2005 मध्येच ठरवलंय. पण शाळा गावात, झोपड्या शेतात आणि मध्ये पोलिसांचा नाका. बाप पकडला गेला तर सगळ्यांनाच पलीकडे पाठवतील, या धाकाने मूल घरीच राहतं, धाकट्याला कडेवर घेऊन. आई, तुला हे काय सांगायचं? कारखान्यामागच्या कोप्यांत तू कंदील घेऊन शिकवायला जायचीस, मी पाचटावरच झोपायचे आणि बाबा सायकलवरून आपल्याला शोधत यायचे. तेव्हा बाबा काय म्हणायचे ते लिहीत नाही!

आमचा वर्ग संध्याकाळी दोन तास, पत्र्याच्या शेडमध्ये. बर्मी शिकवणाऱ्या बाई पलीकडे सरकारी शाळेत होत्या, 2021 च्या लष्करी उठावानंतर नोकरी सोडून आल्या. गणित आणि मोडकंतोडकं थाई माझ्याकडे. गंमत म्हणजे बर्मी मुळाक्षरंही क, ख, ग, घ, ङ अशीच लागतात. मी बाईंना तुझं 'ग म भ न' सांगितलं, की आमच्याकडे आधी सोपी वळणं घेतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी 'व'पासून सुरुवात केली. त्यांचा 'व' म्हणजे नुसतं वाटोळं. ते वरून उघडलं की 'प', खालून उघडलं की 'ग'. एका पोराने आठवड्याभरात शेडचा सगळा खांब वाटोळ्यांनी भरवला. मला तू आठवलीस, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी काढलेले 'ग'सुद्धा. तू वर्षभर ती भिंत रंगवू दिली नव्हतीस.

माझी काळजी करू नका. खोली माडीवर आहे, मच्छरदाणी आहे, खाली बाजारात रोटी आणि दुधाचा चहा मिळतो. डाळ मी घरीच शिजवते. विमानाने बँकॉक तासाभरावर. पैसे साठवलेले आहेत, तुम्हाला दरमहा येतात तेवढे येतीलच. लग्नाचं विचारू नका, निदान या पत्राच्या उत्तरात तरी.

आता तुमचं. बाबा, बीपीची गोळी रोज घ्यायची, 'आज बरं वाटतंय' म्हणून सोडायची नाही. बँकेत स्कूटरवरून जाऊ नका, रिक्षा करा, दीडशे रुपयांनी आपण भिकेला लागत नाही. आई, डॉक्टर हो म्हणेपर्यंत फोडणीपुढे उभी राहू नकोस. आणि माळ्यावरच्या बरण्या दादा काढेल. तो नाही म्हणाला तर मला कळव.

जूनचा शब्द मोडला, हे मला टोचतं. आईच्या ऑपरेशनलाही मी नव्हते. रागवा, पण अबोला धरू नका. बाबा, हे खास तुम्हाला.

दिवाळीला येतेय, दहा दिवस, तिकीट काढलंय. तोवर दगडी पाट्या मिळाल्या तर घेऊन ठेवा. सतरा नको, वीस घ्या. तिघं रोज दाराशी उभं राहून बघतात, अजून आत येत नाहीत.

तुमची,
चिमी