पाच वर्षं वाया गेली असं मनात आणू नकोस

चि. मेघा हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू विचारलंस, "आप्पा, आर्किटेक्चर सोडून सिव्हिलकडे वळले तर रागवाल का?" राग कसला, बेटा! पण हे फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो.

मोठी माय सारखी म्हणते, "पोर पाच वरीस शिकनी, आते परत कसाले शिकस?" तिला मी समजावीन. बाकी भाऊबंदांचं तू कानावर घेऊ नकोस. आमच्या पाटबंधारे खात्यात विश्वेश्वरय्यांचं नाव आदराने घेतात, ते तू लहानपणापासून ऐकलंस. 1884 साली ते सरकारी बांधकाम खात्यात लागले आणि नोकरीच्या सुरुवातीलाच खानदेशात आले. पांझरा नदीच्या खोऱ्यात पाटाचं पाणी पलीकडे न्यायला त्यांनी सायफन, म्हणजे पाणी दाबाने खालून पलीकडे नेणारा बंद नळ, बांधला. पण इंजिनिअर होण्याआधी 1881 मध्ये ते बंगलोरला बी.ए. झाले होते. इंजिनिअरिंग त्यानंतर, पुण्यात. एक पदवी हातात असताना दुसरी घेणारी तू काही पहिली नाहीस.

तू कारण सांगितलंस ते मला पटलं. ड्रॉइंग तू काढतेस, पण कॉलम किती जाडीचा, सळई किती, पाया किती खोल, हे दुसरा कोणी ठरवतो आणि तुला ते स्वतः ठरवायचं आहे. हेच खरं कारण असेल तर जरूर जा. फक्त आर्किटेक्टच्या ऑफिसात पगार कमी म्हणून जाणार असशील, तर थांब. साइटवरच्या नव्या इंजिनिअर पोरांनाही सुरुवातीला फार मिळत नाही, आणि वैशाखात चाळीसगावच्या उन्हात सेंटरिंगवर, म्हणजे स्लॅबसाठी ठोकलेल्या फळ्यांवर, उभं राहावं लागतं.

आपल्या भागात पायाचं काम किती जोखमीचं आहे ते तू घरातच पाहिलंयस. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि ही उलथापालथ वर्षानुवर्षं चालू राहते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा निघाला की लोक मिस्त्रीला शिव्या देतात. मिस्त्रीचा दोष असतोही, पण पुष्कळदा पायाच मातीचा विचार न करता भरलेला असतो. अशा मातीत साधारण साडेतीन मीटर खाली गेलं की हालचाल थांबते. म्हणून तळाशी फुगवटा असलेले जमिनीतले खांब, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल, घेतात आणि घर त्यांच्यावर उभं करतात. वर दिसणारी भिंत तू सुंदर काढतेस, बेटा. खालची माती वाचायला शिकलीस तर या खानदेशात तुला कामाची वाण पडणार नाही.

आणि पाणी! माझी सगळी नोकरी गिरणेच्या पाटावर गेली, म्हणून मी याबद्दल जरा जास्तच बोलतो. पांझरेवरची फड पद्धत पाहा. नदीत दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, गावाची जमीन तीन-चार फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, वाटलेली आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पंप नाही, मोटर नाही. उतार इतका बरोबर साधलेला की पाणी आपल्या पायांनी शेवटच्या वावरापर्यंत जातं. आणि पाळी कोणाची, हे गावाने नेमलेली माणसं ठरवतात. शेकडो वर्षांपूर्वी ज्यांनी तो उतार धरला त्यांच्याकडे लेव्हलचं यंत्र नव्हतं. शेपटाच्या शेतकऱ्याला पाणी पोचतं का, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला होता. तूही घराचा नकाशा काढताना चूल कुठे, म्हातारं माणूस कुठून चालेल, हे आधी विचारतेस. ती सवय तुला या पाच वर्षांनी लावली. ती सिव्हिलमध्ये घेऊन जा.

आता रस्ता. बी.आर्क.वर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा परवाना मिळत नाही, त्याला सिव्हिलची पदवी लागते. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर म्हणून यायचं तरी तेच. कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटचा कोर्स तुला लगेच करता येईल, आणि तो वाईट नाही, पण त्यातून तू कामं चालवशील, डिझाइनवर सही दुसऱ्याचीच राहील. डिप्लोमातून जायचं तर बारावी सायन्सवर थेट दुसरं वर्ष मिळतं, तिथून डिग्रीचं दुसरं. पण त्यात एकूण पाच वर्षं जातात. त्यापेक्षा परत सीईटी दे आणि सरळ चार वर्षांची पदवी घे, असं माझं स्पष्ट मत आहे. गणित सुटून वर्षं झाली, म्हणून आजपासून रोज बस. अप्लाइड मेकॅनिक्स कच्चं ठेवू नकोस. पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

आणखी एक. आर्किटेक्ट म्हणून कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरमधली तुझी नोंदणी चालू ठेव, नूतनीकरण चुकवू नकोस. 1972 च्या आर्किटेक्ट्स कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्यालाच ती उपाधी लावता येते, आणि तू ती कष्टाने मिळवली आहेस. शिकताना सुट्टीत ड्रॉइंगची कामंही घेता येतील.

फीचं तू बोलू नकोस. ग्रॅच्युइटीतले पैसे मी हलवलेले नाहीत. जळगावला जागा मिळाली तर घरून ये-जा होईल, तुझ्या आईचीही तीच इच्छा आहे. पण पुण्यात चांगलं कॉलेज मिळालं तर घराचा विचार करू नकोस.

सीईटीचे फॉर्म सुटले की कळव. बारावीची मूळ मार्कशीट कपाटातल्या निळ्या फाइलीत आहे, ती मी स्पीड पोस्टाने पाठवतो.

तुझे,
आप्पा