टाकी दिसते सारखी, पण ही बिअर नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील कर्करोगावरच्या प्रतिपिंड औषधांविषयीचा लेख सोपा आणि वाचनीय होता. ‘बिअरसारखीच ही औषधे टाकीत बनतात, टाकी मोठी केली की स्वस्त होतील’ हे वाक्य मात्र खटकले. बिअरमध्ये यीस्टने सोडलेला कार्बन डायऑक्साइड हवाच असतो. इथे काम करतात त्या चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून १९५७ साली वेगळ्या केलेल्या पेशींच्या वंशज, ‘चो’ पेशी. त्यांना तोच वायू साचला की मारक ठरतो.

आधी वेळेचा हिशेब. द्रव नायट्रोजनमधून काढलेल्या एका कुपीत साधारण एक कोटी पेशी असतात. २,००० लिटरची टाकी मिलिलिटरला पाच लाख पेशींनी सुरू करायची तर एक लाख कोटी हव्यात, म्हणजे जवळपास १७ दुपटी. एका दुपटीला २० ते २४ तास. फ्लास्क, छोटी टाकी, मधली टाकी करत तीन आठवडे जातात. पुढे उत्पादनाचे १२ ते १४ दिवस. एवढ्यात एखादा जीवाणू शिरला तर तो अर्ध्या तासात दुप्पट होतो आणि बॅच फेकावी लागते.

आता वायूचे. पाच लिटरच्या भांड्यात कार्बन डायऑक्साइड सहज निघून जातो. उंच टाकीत तसे होत नाही. बारीक बुडबुडे ऑक्सिजन छान देतात, पण वर येईपर्यंत कार्बन डायऑक्साइडने भरून जातात आणि आणखी काही वाहून नेत नाहीत. त्याचा दाब १५० मिमी पाऱ्याच्या वर गेला की वाढ मंदावते. सामू (पीएच) घसरतो म्हणून सोडियम कार्बोनेट घालावे, तर क्षार वाढून पेशी आणखी त्रासतात. उपाय म्हणजे बारीक छिद्रांच्या स्पार्जरजोडीला (स्पार्जर म्हणजे टाकीच्या तळाशी बुडबुडे सोडणारा भाग) मोठ्या छिद्रांचा स्पार्जर ठेवून त्यातून साधी हवा सोडणे. बुडबुडा फुटताना जवळच्या पेशी फाटतात, म्हणून माध्यमात लिटरला एक ग्रॅमच्या आसपास पोलॉक्सॅमर १८८ हे पेशींना वाचवणारे रसायन असते. फेस चढून बाहेर जाणाऱ्या हवेचा फिल्टर भिजला तर टाकीत दाब वाढतो. फेसनाशक ओतताना हात आखडता हवा. जास्त झाले की बुडबुडे एकत्र येतात, ऑक्सिजन कमी विरघळतो आणि पुढे गाळण्या तुंबतात.

एक चूक तर अगदी साधी दिसते. रोजचा नमुना उघड्या नळीत दहा-पंधरा मिनिटे पडून राहिला की त्यातला वायू उडतो आणि सामू खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. त्या आकड्यावर टाकीतला सामू मोजणारा प्रोब जुळवला तर यंत्रणेला वाटते सामू चढला आहे, आणि तो उतरवायला ती आणखी कार्बन डायऑक्साइड सोडते. नमुना बंद सिरिंजमध्ये घ्यावा आणि लगेच मोजावा, एवढेच करायचे असते.

स्वस्ताईबद्दल लिहायचेच असेल तर टाकीच्या आकाराऐवजी लिटरमागे किती प्रथिन, म्हणजे औषध, मिळते ते विचारावे. १९८०च्या दशकात ते शंभर मिलिग्रॅमच्याही आत होते, आज ३ ते ५ ग्रॅम सर्रास मिळते. ही वाढ मुख्यतः पेशींची निवड आणि खाद्य सुधारल्याने झाली. आणि शुद्धीकरणाचा खर्च टाकीपेक्षा कमी नसतो, त्यावर लेखात एक ओळही नाही.

आपले,
जैवऔषध निर्मितीत काम करणारे दोन वाचक, पुणे