खसखस घरीच ठेव, आई

प्रिय आई, बाबा,

साष्टांग नमस्कार.

दुबईची तिकिटं काढली. दोघांची, येण्याची आणि परतीचीही. आधी विचारलं नाही याचं मला वाईट वाटतंय. पण विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, "पुढच्या वर्षी बघू," आणि आई म्हणाली असती, "यांचं काय ते ठरू दे." बाबांच्या तळपायांची आग दिवाळीपासून थांबलेली नाही. आई रात्री दोनला उठून बसते, हे मला मावशीकडून कळतं. दोन महिने तुम्ही डोळ्यांसमोर असलात की माझा जीव थाऱ्यावर येईल, एवढंच. तुम्हाला तिथून कायमचं हलवायचं माझ्या मनात नाही, शप्पथ. व्हिसा ६० दिवसांचा आहे आणि परतीचं तिकीट ५४व्या दिवसाचं. मुदत उलटली की रोजचा ५० दिरहम दंड लागतो, म्हणून सहा दिवस हाताशी ठेवलेत. तुळशीचं मी काकूंशी बोलले आहे.

तुमची खोली पूर्वेची आहे. पलंग बुटका घेतलाय, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतलाय. आमच्या करामा भागात ज्वारीचं पीठ, जाडे पोहे, कढीपत्ता, ताक, सगळं खालच्या दुकानात मिळतं. बाबांना सकाळी फिरायला बाग पाच मिनिटांवर आहे. विमानतळावर दोघांसाठी व्हीलचेअर सांगून ठेवली आहे. बाबा, रागावू नका. तुम्ही चालू शकता हे मला माहीत आहे, पण विमानापासून पासपोर्टच्या रांगेपर्यंत इथे फार चालावं लागतं, आणि उतरल्या उतरल्या पाय दुखायला नकोत.

आता बॅगेचं. हे शांतपणे, दोनदा वाचा.

इथे घाबरण्यासारखं काही नाही. रात्री दहाला आई एकटी खाली दूध आणायला गेली तरी कुणी वळून बघणार नाही. मात्र आपल्या स्वयंपाकघरातल्या आणि औषधांच्या डब्यातल्या काही साध्या वस्तू इथे अमली पदार्थांच्या कायद्यात येतात. त्यात सापडतात ती बहुतेक डबे भरून आणणारी आपल्यासारखीच माणसं.

पहिली वस्तू खसखस. अफूच्या बोंडातलंच ते बी. आपल्याकडे मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्याने अफू पिकते आणि खसखस वाण्याकडे खुली मिळते. संयुक्त अरब अमिरातीत ती आणायलाच बंदी आहे, पाव किलोही आणि चमचाभरही. म्हणून अनारसे नकोत. खालच्या बाजूची खसखस खरवडली तरी जाळीत दाणे राहतातच. डिंकाचे लाडू, करंजीचं सारण, मटणाचा मसाला, हेही नको. गोड्या मसाल्यात तू खसखस भाजून घालतेस, तेव्हा या खेपेला तो वेगळा कुटायचा: धणे, तीळ, खोबरं, दगडफूल सगळं घाल, खसखस तेवढी वगळ. आणि कुटायच्या आधी मिक्सरचं भांडं धुऊन पुसून घे, पात्यांखाली जुना मसाला अडकलेला असतो. बाजाराची निळी पिशवी आणूच नका. मोठी बॅग उलटी करून झटका आणि शिवणींतून कोरडा ब्रश फिरवा. हे अती वाटेल. पण २००७मध्ये एका ब्रिटिश प्रवाशाच्या बुटाच्या तळाला चिकटलेला ०.००३ ग्रॅम गांजा दुबई विमानतळावर सापडला आणि २००८मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. पुढे माफी मिळाली. २०२१च्या नव्या कायद्याने शिक्षा बऱ्याच सौम्य केल्या आहेत, पण तपासणी सौम्य झालेली नाही. बाबांचं पानही दोन महिने बंद. विड्याची पानं, गुटखा, काहीच चालत नाही. बडीशेप मी इथे आणून ठेवली आहे.

औषधांचं याहून महत्त्वाचं. बाबा, तुमची पायांची गोळी तुम्ही "व्हिटॅमिनची" म्हणता. पाकिटाची मागची बाजू भिंग घेऊन वाचा. मिथाइलकोबालामिन हे व्हिटॅमिन आहे, पण त्याच्या शेजारी प्रीगाबालिन लिहिलंय, आणि ते इथे नियंत्रित औषध आहे. आईची झोपेची अर्धी गोळी अल्प्राझोलामची, तीही तशीच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडॉलच्या दुखण्याच्या गोळ्या तर मुळीच घेऊ नका. यातलं काहीही मनाने एकदम बंद करू नका. प्रीगाबालिन आणि अल्प्राझोलाम अचानक सोडलं की त्रास होतो. आधी डॉक्टरांना विचारा, बदलून दुसरं चालेल का. चालत नसेल तर येण्याआधी इथल्या सरकारकडून परवानगी काढता येते. तो अर्ज ऑनलाइन मी भरते, पण कागद तुम्हीच द्यायचे: पासपोर्टचं पहिलं पान, डॉक्टरांची ताजी चिठ्ठी आणि आजाराचा छोटा अहवाल. चिठ्ठीवर नाव पासपोर्टवर आहे तस्संच, पूर्ण हवं. आपले डॉक्टर नुसतं "काका" किंवा आडनाव लिहितात, त्याने अर्ज अडकतो. औषधाचं कंपनीचं नाव पुरत नाही. घटकाचं नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा आणि किती दिवस, सही, शिक्का, नोंदणी क्रमांक, सगळं मागून घ्या.

गोळ्या पूर्ण स्ट्रिपमध्येच आणा. कोपऱ्यावरचा केमिस्ट कात्रीने पाच-पाच गोळ्या कापून देतो, त्यात नाव आणि तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहते, आणि हातात उरतो नुसता चांदीचा कागद. असा एकही तुकडा बॅगेत नको. वारांची डबी रिकामी आणा, इथे आल्यावर मी भरीन. परवानगीवर जितक्या गोळ्या लिहिल्या असतील तितक्याच घ्या. कमी पडल्या तर इथल्या डॉक्टरांची वेळ मी घेऊन ठेवते. बीपी आणि साखरेच्या गोळ्यांना अशी वेगळी परवानगी लागत नाही, पण चिठ्ठी त्यांचीही जवळ ठेवा. सगळं हातातल्या पिशवीत, प्रती दोन.

आणि आई, वैद्यांच्या पुड्या नकोत. कागदात बांधलेली बिनलेबलाची पूड विमानतळावर कुणाला समजावून सांगणार? जातिफलादि चूर्ण तर अजिबात नको, त्यात भांग असते. पोट बिघडलं की तू तेच घेतेस, म्हणून मुद्दाम लिहिते.

दुसऱ्याचं पार्सल घ्यायचं नाही. शेजारच्या काकू म्हणतील, मुलाला एवढा चिवडा द्या. बंद पाकिटात काय आहे ते तुम्हाला ठाऊक नसतं, आणि तुमच्या बॅगेत सापडलं की जबाबदारी तुमची. तुम्हाला नाही म्हणायला जड जाईल, म्हणून सरळ माझं नाव सांगा: पोरीने वजनाचा हिशेब बांधून दिलाय. काकू दोन दिवस रुसतील, मग विसरतील. बाबा, तसंच ड्यूटी-फ्रीची बाटली. आत्याच्या मुलाला भेट म्हणून घ्याल, पण तो राहतो शारजात. दुबईत चालतं ते शारजात चालत नाही. तिथे दारूवर पूर्ण बंदी आहे, घरात ठेवायलाही. त्याला काजू न्या.

फोनबद्दल. व्हॉट्सअॅपवर मेसेज जातात, कॉल लागत नाहीत. बोलण्यासाठी बोटिम नावाचं अॅप आहे, ते निघायच्या आधीच तुमच्या आणि मावशीच्या फोनवर घालून घ्या. कुणी बंदी चुकवणारं व्हीपीएन अॅप घालून देतो म्हणाला तर नको म्हणा. बाबा, तुमच्या सकाळच्या ग्रुपवर धर्मावरून आणि राजकारणावरून जे येतं, ते इथे असेपर्यंत पुढे पाठवू नका, आपल्याच नातेवाइकांनासुद्धा नाही. कुठल्याही धर्माचा अपमान हा इथे गंभीर गुन्हा आहे, आपल्या धर्माचाही. देवळाच्या जीर्णोद्धाराचं पावतीपुस्तक कपाटात राहू द्या. २०२१च्या कायद्याने देणग्या गोळा करण्याचा अधिकार फक्त परवानाधारक संस्थांना आहे. करामातली मराठी मंडळी आनंदाने शंभर-शंभर दिरहम देतील, आणि तोच गुन्हा ठरेल.

फोटो आपल्या माणसांचे काढा, हवे तेवढे. अनोळखी बायकांचे, कुटुंबांचे नाहीत. अपघात, पोलीस, सरकारी इमारती, यांच्याकडे कॅमेरा वळवायचाच नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याचा फोटो काढल्यास किमान सहा महिने कैद किंवा दीड लाख ते पाच लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही, असं इथला सायबर कायदा सांगतो. मेट्रोत खाणं-पिणं बंद आहे, शेंगदाणेही नाहीत, दंड १०० दिरहम. बायका-मुलांच्या डब्यात बाबांनी चढायचं नाही. रस्ता झेब्रावरूनच ओलांडा, नाहीतर ४०० दिरहम. गॅलरीत साड्या वाळत घालायच्या नाहीत आणि कबुतरांना दाणे टाकायचे नाहीत. दाण्यांचं तुम्हाला वाईट वाटेल, मला माहीत आहे.

तुम्ही असतानाच रमजान सुरू होतोय. नेमका दिवस चंद्र दिसल्यावर ठरतो. दिवसा रस्त्यात, बागेत, बसमध्ये काही खायचं-प्यायचं नाही, पाण्याचा घोटही नाही. घरात काहीच बंधन नाही, आणि मॉलमधली उपाहारगृहं दिवसा चालू असतात. बाबांची साखर उतरते, म्हणून त्या दिवसांत अकरानंतर बाहेर पडायचंच नाही. पडलातच आणि घाम फुटला, हात कापायला लागले, तर खडीसाखर लगेच तोंडात टाका. आजारी माणसाला कुणी काही बोलत नाही. संध्याकाळी उपवास सोडायच्या आधीचा अर्धा तास गाड्या फार जोरात धावतात, तेव्हाही रस्त्यावर नको.

देवाधर्माची काळजी करू नको, आई. बाळकृष्ण आण. घरातली पूजा, आरती, सगळं चालतं, फक्त धूप खिडकीजवळ लाव, छताला धुराचा गजर आहे. जबल अलीचं मोठं देऊळ २०२२च्या ऑक्टोबरात उघडलं, शेजारीच गुरुद्वारा आहे. अबू धाबीच्या दगडी मंदिराचं उद्घाटन १४ फेब्रुवारी २०२४ला झालं. तिथे एक दिवस काढू, आणि शेख झायेद मशीदही बघू. मशिदीत डोकं झाकावं लागतं, हात मनगटापर्यंत आणि पाय घोट्यापर्यंत. साडीत पोट दिसतं म्हणून त्या दिवसापुरता तुझा पूर्ण बाह्यांचा पंजाबी ड्रेस आणि मोठी ओढणी घे. एरवी साडी कुठेही चालते.

आमच्या इमारतीचे मालक अमिराती आहेत, ते तुम्हाला कॉफीला बोलावतीलच. बाबा, घरातल्या बाईंनी हात पुढे केला तरच हात मिळवा, नाहीतर छातीवर हात ठेवून मान लववा. "तुमची बायको कशी आहे" असं विचारू नका, "घरचे सगळे बरे ना" म्हणा. काहवा बिनदांड्याच्या इवल्या पेल्यात येतो, फिकट आणि वेलदोड्याच्या वासाचा. उजव्या हातानेच घ्या. पेला रिकामा दिसला की ते पुन्हा भरतात, कितीही वेळा. पुरे झालं की पेला दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलकेच हलवायचा, तोंडाने नको म्हणायची गरज नाही. पहिला पेला मात्र नाकारू नका. सोबत खजूर येईल, तुम्ही एकच घ्या.

मी ऑफिसात असताना काही झालं तर रुग्णवाहिका ९९८, पोलीस ९९९. तुमचा प्रवासाचा विमा काढलाय, त्याचा कागद फ्रिजवर लावून ठेवते.

डॉक्टरांकडे बुधवारी जा. चिठ्ठी हातात आली की उजेडात, सपाट टेबलावर ठेवून फोटो काढा, चारही कोपरे दिसले पाहिजेत, आणि मला पाठवा. त्याच रात्री अर्ज करते. परवानगी हातात येईपर्यंत बॅगेला कुलूप लावू नका. आई, लसणीची चटणी मात्र भरपूर आण, तिला कसलीच आडकाठी नाही.

तुमची,
बबडी