आपली खोली कुठली रे?

प्रिय बंड्या,

सहा-सात महिने झाले, तुला एक फोन नाही, व्हॉट्सॲपवर नुसते अंगठे दाखवतोय. काय शिव्या घालायच्या त्या घाल. तब्येत ठीक, शुगर जरा वर, बाकी काही नाही. आज झोपच येईना म्हणून लिहायला बसलो, आणि हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

चिरंजीवांना फर्ग्युसनला ॲडमिशन मिळाली. फी भरून झाल्यावर म्हणाला, बाबा, तुमची होस्टेलची खोली दाखवा. मग काय, माझी टूर सुरू! १८८५ चं कॉलेज, आगरकर ९२ ला प्रिन्सिपल झाले आणि तीनच वर्षांत गेले, मग एक नंबरच्या होस्टेलला सावरकरांची १७ नंबरची खोली, १९०५ ची विदेशी कपड्यांची होळी, रँग्लर परांजप्यांनी ठोकलेला दहा रुपये दंड, सगळं घडाघडा. टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते हेही सांगितलं, आणि आम्ही दोघं तीन वर्षं एका खोलीत काढली म्हणजे शिक्षा आमचीच मोठी, असंही. (टिळकांनी ९० साली संस्था सोडली ते बरोबरच केलं, हे माझं मत अजून कायम आहे. तू आगरकरवाला, चिडशील, चिड.)

मग वॉचमन मामांना विनवून आपल्या होस्टेलमध्ये गेलो. ऐटीत जाऊन एक दार वाजवलं. बनियनवरच्या एका मुलाने तोंडात ब्रश धरूनच उघडलं, आणि आत बघतो तर खिडकी भलत्याच बाजूला. आपल्या खिडकीतून टेकडी दिसायची ना रे? इथे समोर पार्किंग. म्हटलं शेजारची असेल. ती पण नाही. मग त्याच्या पलीकडची, मग वरचा मजला की खालचा इथपासूनच घोळ. दारामागचा खिळा आठवतोय, तुझा तो कळकट टॉवेल आठवतोय, चहाची कॉइल पकडली गेली तेव्हाचा जळका वास आठवतोय (दंडाचे तुझे पंचवीस रुपये माझ्याकडे आहेत, माहितीय, सारखं काढू नकोस). पण नंबर? पाटी कोरी.

लेक हसत म्हणाला, बाबा, आप्पांसारखं करायला लागलात.

तो सहज बोलला रे. पण आप्पांचं त्या पोस्टातल्या दिवसापासून कसं सुरू झालं ते तू पाहिलंयस, मी दिल्लीला होतो, तूच त्यांना घरी आणलंस. त्यांनाही १९४८ चं सगळं तोंडपाठ होतं, फक्त आमची गल्ली सापडत नव्हती. आता मी रोज रात्री पाढे म्हणून बघतो, एकोणतीसचा पण येतो, मग वाटतं आप्पांनाही येत असेल. सुनीताला बोललो नाहीये, ती उद्याच डॉक्टरकडे नेईल.

वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं? रोहनचं पुण्यात ठरतंय म्हणे, पत्रिकेची वाट बघतोय. तू आलास की वैशालीत बसू, बिल मी देईन, पंचवीस त्यातच वळते कर.

तोवर नंबर तेवढा कळव, आणि खिडकी कुठल्या बाजूला होती तेही. आणि तुलाही आठवत नसेल ना, तर ते आधी कळव. लगेच.

तुझाच,
नंदू